रेंज आहे का?

शुक्रवार संध्याकाळ झाली की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक शब्द हमखास कानावर पडतो. डिजिटल डीटॉक्स! मेल नको, कॉल नको, बॉसचं तोंड नको. आमच्या ग्रुपनं यासाठी गेल्या सप्टेंबरात राजगड गाठायचं ठरवलं. भोर तालुक्यातल्या नसरापूरला मिसळ हाणली, वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं माझ्या मोबाईलची रेंज आधी कमी झाली, मग गायबच. आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या!

डीटॉक्सचा आमचा फंडा सिंपल आहे. फोटो आज काढायचे आणि उद्या टाकायचे. राजगडावर फोटोंना तोटा नाही. पद्मावती माची, संजीवनी माची, बालेकिल्ला... त्यात 2025च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलेल्या 12 किल्ल्यांमध्ये राजगड आहे. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचं सरकारी नावही राजगड झालं. म्हणजे कॅप्शन आयतीच तयार.

गड उतरून पायथ्याच्या एका वाडीत पिठलं-भाकरीवर ताव मारत होतो. ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो, त्या काकांनी स्वतःचा स्मार्टफोन माझ्यापुढे धरला.

"पोरी, तुला यातलं कळतं ना? आमची पीक पाहणी तेवढी करून दे. पोरगा शिरवळला कंपनीत हाय. रविवारची पण शिफ्ट लागली त्याची."

ई-पीक पाहणी हे प्रकरण मी फक्त बातम्यांत वाचलं होतं. पूर्वी शेतात काय पेरलंय याची नोंद तलाठी करायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानंच शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपमधून पाठवायचा. मग सातबाऱ्यावर पेरा लागतो. कल्पना एकदम सही. पण मुदतीत नोंद झाली नाही, तर नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावानं विक्री, सगळ्यासाठी हेलपाटे.

गेलो खाचरात. माझे ट्रेकिंग शूज घोट्यापर्यंत चिखलात. हंगाम? खरीप. पीक? भात. मग आला सिंचनाचा प्रश्न. विहीर नाही, कालवा नाही, म्हणून पर्याय निवडला 'अजलसिंचित'. वरून धो-धो पाऊस, खाली गुडघाभर पाणी, आणि कागदोपत्री अजलसिंचित! काकाही हसले.

फोटो काढला. नोंद मोबाईलमध्ये सेव्ह झाली. पण अपलोड? ते गोल चक्र नुसतं फिरतंय, फिरतंय...

"वर देवळापाशी येती कधी कधी," काका म्हणाले.

मग आमची वरात देवळाकडे. पुण्यातल्या आयटी कंपनीत नेटवर्क सांभाळणारा माझा मित्र पारावर चढून, हात उंच करून उभा. सकाळी रेंज गेली म्हणून सगळ्यात जोरात टाळ्या यानंच वाजवल्या होत्या. वीसेक मिनिटांनी एकदाची नोंद गेली.

"दिसलं का आता सरकारला?" काकांनी विचारलं.

मी "हो" म्हणाले. पण खरं सांगू, आतून जरा ओशाळले. भात तर कधीचा उभा होता. आम्हाला ओसरीवरूनही दिसत होता.

सोमवारी ऑफिसच्या वाय-फायवर माझी राजगडची रील काही सेकंदांत अपलोड झाली. लाइक्सही मस्त आले. पण दुपारच्या डब्यात इंद्रायणीचा भात होता आणि मला ते फिरणारं चक्रच आठवत राहिलं. रेंज नसणं ही माझ्यासाठी दोन दिवसांची चैन. काकांसाठी तो वर्षाचा हिशोब.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रेकला जाल तेव्हा चार्ज केलेली पॉवर बँक सॅकमध्ये टाकाच. आणि खाली उतरून जेवायला बसलात की विचारा, "काका, काही अपलोड करायचं राहिलंय का?"

डीटॉक्स काय, पुढच्या वीकेंडलाही होईल.