ग्वादालाहाराचे ‘देशद्रोही’

परागंदा झालेल्या माणसाने आपल्याच सरकारविरुद्ध शस्त्र उचलले की त्याला देशद्रोही ठरवून मोकळे होण्याची घाई राज्यकर्त्यांना असतेच. मे २०२३ मध्ये युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या रशियन तुकड्या सीमा ओलांडून बेल्गोरोद प्रांतात शिरल्या, तेव्हा मॉस्कोने हेच केले. खेदाची गोष्ट ही की, एरवी शोषितांची बाजू घेणारे काही लोकही या शब्दापुढे मान तुकवतात. सरकार कितीही जुलमी असो, परक्या भूमीवरून त्याच्यावर बंदूक रोखणारा तो फितूरच, असे त्यांचे म्हणणे. या मंडळींनी ग्वादालाहाराची लढाई एकदा आठवावी.

८ मार्च १९३७ रोजी माद्रिदला ईशान्येकडून वेढण्यासाठी मुसोलिनीचे सुमारे ३५ हजार सैन्य चालून आले. त्याच वेळी इटलीचा प्रतिनिधी लंडनच्या ‘अहस्तक्षेप समिती’त मानाने बसत होता! या सैन्याला ब्रिउएगाच्या रानात अडवणाऱ्यांत गॅरिबाल्डी बटालियन होती, आणि तीही इटालियनांचीच. समाजवादी, कम्युनिस्ट आणि रिपब्लिकन या तीन पक्षांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये पॅरिसला करार करून हे दल उभारले होते. त्यात समाजवादी पिएत्रो नेन्नी होते, कम्युनिस्ट लुईजी लोंगो होते. सेनापती रिपब्लिकन पाच्चार्दी, परंतु या लढाईत त्यांच्या जागी बारोन्तिनी हे कम्युनिस्ट उभे राहिले. धुके, पाऊस, चिखल. त्यात दोन्हीकडची भाषा एक, त्यामुळे गस्तीची माणसे एकमेकांना आपलीच समजत. समोरच्या सैन्यात बेकारीला कंटाळून भरती झालेले मजूर होते. गॅरिबाल्डीवाल्यांनी ध्वनिक्षेपक लावून त्यांना त्यांच्याच भाषेत हाक घातली, आणि काही जण बंदुका टाकून आलेही. १४ मार्चला इबाराचा वाडा पडला. १८ तारखेला ब्रिउएगा परत मिळाले.

यात द्रोह कोणी कोणाशी केला? निवडणुकीतील गुंडगिरी संसदेत उघडी करणाऱ्या मात्तेओत्तींचा जून १९२४ मध्ये खून झाला. १९२६ साली फॅसिस्टेतर पक्ष बंद झाले आणि परदेशातून विरोध करणाऱ्यांचे नागरिकत्व काढून घेण्याचा कायदा आला. ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांच्याकडूनच नागरिकाच्या निष्ठेची मागणी करायची, हे म्हणजे सावकाराने जमीन बळकवावी आणि वर तिचा सारा मूळ मालकाने भरावा म्हणून तगादा लावावा, तसे झाले.

ग्वादालाहाराचा विजय सोव्हिएत रणगाड्यांच्या आधाराने मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात बेर्नेरी या इटालियन अराजकवादी निर्वासिताचा खून झाला आणि त्याचा संशय कम्युनिस्टांवर आला, हेही झाकता येत नाही. मग एप्रिल १९६१ मध्ये पिग्जच्या उपसागरात उतरलेले सुमारे १४०० क्यूबन निर्वासितही गॅरिबाल्डीचे वारस म्हणायचे काय? मुळीच नाही. त्यांना सीआयएने निवडले, ग्वाटेमालात शिकवले आणि बोटीत बसवले. गॅरिबाल्डी दलाची शस्त्रे बाहेरची होती. पक्ष, पुढारी आणि कार्यक्रम इटालियन कामगार चळवळीतून आलेले होते. बेल्गोरोदमध्ये शिरलेल्यांनाही हीच कसोटी लावावी. त्यांतील रशियन स्वयंसेवक दलाचा संस्थापक उघड अतिउजव्या गोटातून आला. केवळ पुतिनविरोधी म्हणून त्याला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. पण आक्षेप घ्यायचा तो त्याच्या विचारांवर. सीमा ओलांडली एवढ्यावरून नव्हे.

स्पेनमध्ये लढून आलेले समाजवादी कार्लो रोसेल्ली ९ जून १९३७ रोजी फ्रान्समध्ये भावासह मारले गेले. मारेकरी फ्रेंच फॅसिस्ट, सुपारी रोमची. लोंगो आणि बारोन्तिनी १९४३ नंतर इटलीच्या प्रतिकारयुद्धात उतरले. २ जून १९४६ रोजी इटालियन मतदारांनी राजेशाही मोडून प्रजासत्ताक निवडले, तेव्हा नेन्नी उपपंतप्रधान होते. पाच्चार्दी १९४८ मध्ये संरक्षणमंत्री झाले (पुढे ते उजवीकडे झुकले, तो भाग वेगळा). ज्या सैन्याविरुद्ध त्यांच्या बटालियनने ग्वादालाहाराला बंदूक उचलली होती, ते आता त्यांच्याच खात्याखाली होते.