टेस्टिंग करा, प्रॉडक्शनला जाऊ नका!

परवा आलापल्लीला मामाच्या परसात डिटेक्टरच्या सरावासाठी टेस्ट गार्डन केली. आधी जमिनीतले जुने खिळे काढले. मग पाच, दहा, पंधरा सेंटीमीटरवर नाणी पुरली. एक आडवं, एक उभं, एकाशेजारी मुद्दाम गंजका खिळा. नकाशा वहीत. (हल्लीचा रुपया स्टीलचा, चुंबकाला चिकटतो. जुना तांबा-निकेलचा घ्या.) धमाल येते राव!

पण लगेच मित्रांचं सुरू, "आता किल्ल्यावर कधी?" कधीच नाही! १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावा लागतो. कायदा सोडा हो, नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, ते उपटल्यावर कायमचं गेलं. तिथे अन्डू नाही.

आणि इथलं जंगल? १ मे २०१९ ला याच गडचिरोली जिल्ह्यात, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. इथल्या जवानांनी जीव मुठीत धरून रस्त्यांवर डिटेक्टर फिरवलाय. त्याच रस्त्याकडेला आपण हेडफोन लावून 'ट्रेझर हंट' करायचं? लाज वाटत नाही?

मामा म्हणाला, "परसातच खेळ ना बापा." पंधरावालं उभं नाणं अजून सापडलेलं नाही.