छातीतील कळ आणि गादीवरील बैठक

मार्चअखेरचे दिवस होते. नगरच्या कापडबाजारातील एका जुन्या पेढीवर बावन्न वर्षांचे एक व्यापारी रात्री दहापर्यंत शिलकी मालाची मोजदाद आणि जीएसटीची जुळवाजुळव करीत बसत. अशाच एका रात्री वरच्या फळीवरचा तागा काढण्यासाठी त्यांनी हात उंचावला आणि छातीच्या डाव्या बाजूस सुईसारखी कळ आली. पुढे ती दीर्घ श्वास घेताना येऊ लागली, कूस बदलताना येऊ लागली. ही गोष्ट त्यांनी आठ दिवस कोणालाही सांगितली नाही. थोरले बंधू चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. घरात पुन्हा तो शब्द उच्चारला जाऊ नये, एवढीच त्यामागची भावना होती. मात्र विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत, हे त्यांनी सहज बोलावे तसे मुलाला सांगून ठेवले. पत्नीच्या ध्यानात वेगळीच गोष्ट आली. हे अलीकडे डाव्या कुशीवर झोपतच नाहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडू दिले नाही.

रुग्णालयात ईसीजी झाला, ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली, टूडी इको झाला, नंतर एके दिवशी ट्रेडमिलवरची चाचणीही झाली. हृदय निर्दोष निघाले. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, परंतु शेठजींची कळ होती तिथेच होती. ‘काही नाही’ असे सांगितले गेलेल्या माणसाची अवस्था मोठी अवघड असते. दुखते तर आहेच, आणि आता तक्रार करावी तर लोक म्हणणार, मनाचे खेळ आहेत. अखेर एका वयस्क डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला, जिथे बरगड्या येऊन मिळतात, तिथे दोन बोटांनी दाबले. शेठजी कळवळले. ‘हेच ते दुखणे?’ ‘हेच.’ त्यानंतर डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अनपेक्षित होता : ‘दुकानात आपण बसता कसे?’

आपल्या शरीरात बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. मागे त्या पाठीच्या मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या असतात. पुढे वरच्या सात जोड्या कूर्चेच्या लवचिक पट्ट्यांनी मधल्या हाडाशी थेट जुळतात. प्रत्येक श्वासाबरोबर हा सगळा पिंजरा हलतो. बरगड्यांच्या मधोमध स्नायू आहेत, आणि खांद्यापासून छातीवर पसरलेले मोठे स्नायूही याच पिंजऱ्याला बिलगलेले आहेत. माणूस तासन् तास पोक काढून बसला की खांदे पुढे येतात, छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे स्नायू ताणले जाऊन थकतात आणि मणक्यांचे सांधे ताठरतात. मग अचानक हात वर गेला की आखडलेला भाग बरगडीच्या जोडावर ओढ देतो. पाठीतील ताठरलेल्या सांध्याचे दुखणे छातीच्या पुढच्या भागात जाणवते, असेही घडते. आपल्या आजीच्या पिढीला हे नाव-गाव ठाऊक नव्हते, तरी दुखणे ठाऊक होते. ‘उसण भरली’ असे म्हणून ती शेक द्यायची. वैद्यकात बरगडीच्या कूर्चेच्या या दाहाला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. त्या जागी सूजही येत असेल, तर तो टीट्झेचा विकार. जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टीट्झे यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले.

आता गादीकडे वळू. जुन्या मुनीमजींपुढे उतरत्या फळीचे बुटके लाकडी मेज असे आणि चोपडी त्यावर असे. त्यामुळे लिहिताना मान फार झुकत नसे. मेज गेले, लॅपटॉप आला, आणि तो थेट मांडीवर किंवा गादीवर आला. आपले मस्तक साधारण पाच किलो वजनाचे. न्यूयॉर्कमधील शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावरून गणित मांडले, त्यानुसार मान साठ अंशांनी पुढे झुकली की मानेच्या कण्यावर सुमारे सत्तावीस किलोंचा भार येतो. गणित प्रारूपावरचे आहे हे खरे, पण मांडीवरच्या पडद्यात पाहणाऱ्याची मान सायंकाळी जे सांगते, त्याच्याशी ते विसंगत नाही. त्यात शेठजींचा डावा कोपर दिवसभर लोडावर टेकलेला असे, म्हणजे बरगड्यांचा पिंजरा एका बाजूला मुरडलेला. मोबाइल डाव्या खांद्यात आणि कानात दाबलेला, कारण उजवा हात बिलावर. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे ताठ बसणारा हाच देह गादीवर आला की लोडावर कोसळतो, आणि तिथे तीन-तीन सामायिकांइतका वेळ उठत नाही. व्याजाचा दिवस न चुकवणारा व्यापारी या तासांची नोंद मात्र कुठेच ठेवत नाही.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण अर्धवट वाचन जिवावर बेतू शकते. हा स्नायूंचा विकार आहे, हे ठरवण्याचा अधिकार दुकानातल्या शेजाऱ्याला नाही, औषधविक्रेत्याला नाही आणि या पानालाही नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, हात, जबडा वा पाठीकडे जाणारी वेदना, थंड घाम, धाप, मळमळ, चालताना वाढणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दुखणे, यांपैकी काहीही असले तर ओवा-हिंग घेऊन गॅस उतरण्याची वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत ही लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय नक्कीच ठीक, असाही नियम नाही, आणि एकच ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतणेही योग्य नाही. अचानक धाप लागून पोटरी सुजली असेल, ताप-खोकला असेल, किंवा एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पुढे नागिणीचे फोड आले, तर कारण निराळे असते. आधी हृदय, मग बाकीचे. शेठजींनी आठ दिवस गप्प राहण्याची जी चूक केली, ती त्यांच्या नशिबाने निभावली.

उपचार साधे होते आणि म्हणूनच त्यांना ते प्रथम पटले नाहीत. एवढ्या तपासण्यांनंतर दाराच्या चौकटीत उभे राहायचे? दोन्ही कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून हात चौकटीला टेकवायचे, एक पाऊल पुढे टाकायचे आणि छातीला हलका ताण जाणवेल तिथे वीस-तीस सेकंद थांबायचे. असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ. खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरायची, दहा वेळा. कळ उठेल इतका ताण कधीच द्यायचा नाही. दुखऱ्या जागी शेक, आणि काही दिवस वरच्या फळीचे तागे मुलाने काढायचे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी थोड्याच दिवसांपुरत्या दिल्या. त्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नव्हत्या, त्यामुळे उपवासाच्या आणि एकासण्याच्या दिवशी काय करायचे, हे शेठजींनी मोकळेपणाने विचारून घेतले. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, आम्लपित्त किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर अशा गोळ्या मनाने घेणे धोक्याचे ठरते. कोणाकडून जोरात रगडून घेण्यास डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला.

गादी तशीच राहिली, बैठक मात्र बदलली. लॅपटॉप मेजावर चढला, पडदा डोळ्यांसमोर आला. लोड बाजूचा उचलून पाठीमागे ठेवला. दर अर्ध्या तासाने उठून पाणी आणायला स्वतः जायचे, नोकराला सांगायचे नाही.

सर्वांत हट्टी निघाली ती भीती. कळ आली की बंधूंचा चेहरा आठवे, श्वास उथळ होई, मानेचे आणि छातीचे स्नायू आवळले जात आणि कळ वाढे. वाढली की भीती खरी वाटे. डॉक्टरांनी त्यांना पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवले. श्वासाबरोबर पोटावरचा हात वर आला पाहिजे, खांदे नव्हेत. शिवाय कळ आलेली वेळ आणि त्याआधीची बैठक वहीत लिहायला सांगितले. आयुष्यभर खतावणी केलेल्या माणसाला हे काम आवडले. पंधरा दिवसांनी वही चाळताना त्यांच्याच लक्षात आले की बहुतेक नोंदी रात्री आठनंतरच्या, हिशेबाच्या वेळच्या आहेत. रोज सकाळी अर्धा तास भराभर चालताना एकही नाही.

बरे व्हायला सात-आठ आठवडे लागले. मध्ये दोनदा कळ परतली, दोन्ही वेळा लग्नसराईच्या गर्दीत. आता शेठजी डाव्या कुशीवर झोपतात आणि वरच्या फळीचे तागे स्वतः काढतात. मोबाइल मात्र अजूनही खांदा आणि कान यांच्यामध्येच असतो, आणि त्याबद्दल घरातील तक्रार कायम आहे.