लेकरू चालायची वाट पाहू नका

लंगोट बदलताना बाळाची एक मांडी दुसरीएवढी बाहेर उघडत नसेल, गुडघे दुमडून तळवे टेकवले की एक गुडघा खाली राहत असेल किंवा चालायला लागलेली पोर एका बाजूला झुकत असेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीतून सरकलेला असू शकतो. बाळाला त्यात काही दुखत नाही. ते हसतं, रांगतं, उभंही राहतं, म्हणून घरची मोठी माणसं ‘होईल आपोआप सरळ’ म्हणत थांबतात. सरकलेला खुबा असा आपोआप जागेवर येत नाही. दोन्ही बाजूंचे खुबे सरकले असतील तर लंगडणंही ध्यानात येत नाही. मूल नुसतं डुलत चालतं आणि सगळ्यांना कौतुक वाटतं.

हजार बाळांमागे साधारण एका-दोघांना हा त्रास असतो. मुलींमध्ये तो जास्त आढळतो, तसाच पायाळू बाळांत आणि घरात आधी कुणाला असेल तिथेही. बाळ पायाळू असेल तर दीड महिन्याचं असताना खुब्याची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. पहिल्या काही महिन्यांत तो गोळा कूर्चेचा असतो, एक्स-रेत दिसत नाही.

सहा महिन्यांच्या आत समजलं तर पाय दुमडून बाहेर ठेवणारा पट्टा बांधतात आणि बहुतेक बाळांचं त्यावरच भागतं. त्यानंतर दीड वर्षापर्यंत भूल देऊन गोळा वाटीत बसवावा लागतो आणि प्लास्टर घालावं लागतं. आणखी उशीर झाला की सांधा उघडणं आलं. पुष्कळदा कमरेचं हाड कापून वाटीवर छत करावं लागतं आणि मांडीचं हाडही आखूड करावं लागतं. या वयातही ऑपरेशनचे निकाल चांगले येतात, बहुतेक मुलं चालतात, धावतात. पण वय वाढेल तसा सांधा आखडण्याचा आणि दुसरं ऑपरेशन लागण्याचा धोका वाढतो. आठेक वर्षांनंतर तर ऑपरेशन करावं की नाही, हाच प्रश्न उरतो. निकाल सर्जनच्या हातावर जितका, तितकाच आपण मूल कोणत्या वयात आणलं यावर ठरतो, असं मी ठामपणे म्हणेन.

कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर दीड ते तीन महिने राहतं. ते कोरडं ठेवा, आत काडी घालून खाजवू नका, दोन पायांमधल्या दांड्याला धरून मूल उचलू नका. बोटं निळी पडली, सुजली, ताप आला किंवा आतून घाण वास आला तर लगेच परत न्या.

खरी चूक मात्र प्लास्टर निघाल्यावर होते. पोर चालू लागते, घर निर्धास्त होतं आणि सोयाबीनच्या सोंगणीत नाहीतर कापसाच्या वेचणीत तपासणीची तारीख हुकते. गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडला असेल किंवा वाटी उथळच राहिली असेल, तर ते बाहेरून दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी एक्स-रेत दिसतं. म्हणून हाडांची वाढ थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत, डॉक्टर सांगतील तेव्हा जायचंच.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-आष्टी-कारंजाकडून दवाखान्यात येणं सोपं नाही, हे मान्य आहे. पण सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून सुरू झाला. त्याच्या यादीत हा आजार आहे आणि उपचार मोफत आहेत. घरी येणाऱ्या आशाताईंना बाळाची मांडी उघडून दाखवा, अंगणवाडीत या कार्यक्रमाचं पथक येईल त्या दिवशी मूल नक्की न्या.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, मालिश करणाऱ्या बाईंना पाय ओढू देऊ नका. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय असे ताणून बांधायची सवय मोडायची मोहीम झाली आणि खुबे सरकण्याचं प्रमाण झपाट्यानं घटलं. आपलं कडेवर घेणं मात्र चांगलं, त्यात मांड्या उघड्या राहतात.

आणि तपासणीला जाताना जुने सगळे एक्स-रे सोबत न्या. आधीचा आणि आताचा शेजारी धरला, की गोळा नीट वाढतोय का ते डॉक्टरांना कळतं.