तेरा जानेवारीचा सिंदखेड राजा

१२ जानेवारी, म्हणजे जिजाऊंची जयंती, हा सिंदखेड राजाचा दिवस. सूर्य उगवताना लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थळी पूजा होते, राज्यभरातून झेंडे लावलेल्या गाड्या येऊन धडकतात आणि मग दिवसभर जिजाऊ सृष्टीवर व्याख्याने, सत्कार, पोवाडे आणि पुस्तकांच्या दुकानांची जत्रा भरते. १९९० साली स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाने या दिवसाला आजचे रूप दिले. नारळ-प्रसादाइतकीच पुस्तके विकली जाणारी जत्रा आपल्याकडे दुर्मीळच, तेव्हा त्याचे श्रेय संघाला मोकळेपणाने द्यायला हवे. प्रश्न आहे तो १३ जानेवारीचा. गाड्या परत जातात, भाषणांतला विकास आराखडा पुढच्या वर्षापर्यंत बासनात जातो आणि राजवाडा, रंगमहाल, पुतळा बारव, मोती तलाव ही सगळी ठिकाणे पुन्हा एखाद-दुसऱ्या वाट वाकडी करून आलेल्या प्रवाशाची वाट पाहत बसतात. एखादा वार्षिक उत्सव त्या गावाचा झाला की नाही, हे गर्दीवरून कळत नाही. उरलेल्या वर्षात त्या उत्सवाचे कोणते काम गावकऱ्यांच्या हाती असते, त्यावरून ते कळते. या कसोटीवर सिंदखेड राजा यजमान कमी आणि मैदान जास्त ठरतो.

ही कसोटी कठोर वाटेल, पण ती पुस्तकी नाही. इटलीतल्या सिएना या जुन्या शहराकडे पाहा. तिथे २ जुलै आणि १६ ऑगस्टला शहराच्या मुख्य चौकात, पियाझ्झा देल काम्पोमध्ये, पालिओ नावाची घोड्यांची शर्यत होते. चौकाला तीन फेऱ्या, सगळा खेळ जेमतेम दीड मिनिटाचा. एवढ्यासाठी जगभरातून माणसे येतात हे खरे, पण शर्यत त्यांच्यासाठी होत नाही. शहर १७ मोहल्ल्यांत वाटलेले आहे. त्यांना कोंत्रादा म्हणतात आणि त्यांच्या हद्दी अठराव्या शतकात, १७२९-३०च्या सुमारास, राज्यपाल व्हिओलांते हिच्या फर्मानाने ठरल्या त्या आजही तशाच पाळल्या जातात. प्रत्येक मोहल्ल्याचे स्वतःचे चर्च, स्वतःचे छोटे संग्रहालय, स्वतःचे कारंजे. मूल जन्मले की त्या कारंज्यावर त्याला मोहल्ल्यात सामील करून घेण्याचा विधी होतो. शर्यतीत १७ पैकी दहाच मोहल्ले उतरतात, घोडा चिठ्ठी टाकून मिळतो, स्वार बहुधा बाहेरचा आणि पैसे घेऊन धावणारा. जिंकणाऱ्याला रोख बक्षीस नसते, रंगवलेले एक रेशमी निशाण मिळते. उलट जिंकलेल्या मोहल्ल्यालाच त्या वर्षी खर्चात बुडावे लागते. तरीही झेंडे नाचवायला शिकणारी पोरे, जुने पोशाख दुरुस्त करणाऱ्या बाया आणि आदल्या रात्री गल्लीत मांडलेली जेवणावळ यांत शहराचे वर्ष भरलेले असते. दीड मिनिटांची शर्यत हे त्या वर्षाचे फक्त टोक. (शर्यतीत घोडे मरतात आणि त्यावरून प्राणिमित्र दर वर्षी आवाज उठवतात, ही बाजूही आहे. बैलगाडा शर्यतीचा वाद पाहिलेल्या महाराष्ट्राला ती समजावून सांगायला नको.)

त्याच देशातले व्हेनिस उलट्या टोकाला आहे. तिथला मुखवट्यांचा कार्निव्हल १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडाल्यावर मावळला आणि १९७९-८०च्या सुमारास नव्याने सुरू झाला. गर्दी भरपूर जमली. मात्र जुन्या शहरातली कायम वस्ती घटत घटत २०२२ मध्ये ५० हजारांच्या खाली आली आणि २०२४ पासून काही दिवशी नुसते फिरायला येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याची पाळी आली. वस्ती घटण्याला महागडी घरे, पूर अशी इतरही कारणे आहेत. सगळे खापर कार्निव्हलवर फोडणे चुकीचे ठरेल. पण गर्दी वाढली म्हणजे गाव सावरले, हे समीकरण तिथे फोल ठरले एवढे नक्की. आपले पुढारी मात्र अजून त्याच समीकरणावर भाषणे करतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाल्यावर सिंदखेड राजा राज्याच्या नकाशावर आला, असे म्हणतात. रस्त्याने येणे सोपे झाले तसे निघून जाणेही सोपे झाले, याकडे कुणी बघत नाही.

खरे तर यासाठी इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. याच बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आणि ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला तिथे लोटणारा जनसमुदाय कुठल्याही मोठ्या यात्रेच्या तोडीचा असतो, तरी शेगावचे नाव निघते ते गर्दीमुळे नव्हे, स्वच्छतेमुळे आणि शिस्तीमुळे. त्याचे कारण सेवेकरी. गावोगावची माणसे पाळीपाळीने येऊन विनामोबदला झाडतात, वाढतात, चपला सांभाळतात. १९६८ पासून पंढरपूरला पायी जाणारी पालखी हेही असेच महिनाभराहून अधिक काळ पुरणारे काम. सिंदखेड राजाच्या शेजारचे देऊळगाव राजा तर जाधव घराण्याचेच गाव. तिथे आश्विनातल्या बालाजी यात्रेत मंडपाचे मोठमोठे लाकडी खांब भाविक आपल्या हातांनी उभे करतात. क्रेन आणली तर तासाभरात उरकेल. ती आणत नाहीत म्हणून तो मंडप गावाचा राहतो.

‘देवस्थानाची गोष्ट वेगळी,’ असे यावर कुणी म्हणेल. देवाच्या धाकाने माणूस झाडू हातात घेतो, इतिहासासाठी कोण घेणार? हा आक्षेप मला पूर्ण पटत नाही. जिजाऊंबद्दलचा जिव्हाळा श्रद्धेपेक्षा कमी नाही. पहाटे राजवाड्याच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेणाऱ्या बाया पाहिल्या तर दोन्हींतला फरक सांगणे अवघड आहे. कमतरता आहे ती वाटून दिलेल्या कामाची. आणि कामाला जागा तर हव्या तितक्या आहेत. लखुजीरावांची भव्य समाधी आहे. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादला, त्यांचा मुलांसह घात झाला. त्या इतिहासाचा एवढा बोलका साक्षीदार दुसरा नाही. जून २०२४ मध्ये या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली जुन्या मंदिराचा पाया लागला आणि पुढे खोदल्यावर शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती मिळाली. चार दिवस बातम्या झाल्या, मोबाइलवर फोटो फिरले. पण ती मूर्ती कोणत्या काळातली, त्या मंदिराचे काय झाले असावे, हे गावातल्या शाळकरी मुलांना जागेवर उभे करून सांगणारा कार्यक्रम गावाच्या वार्षिक दिनदर्शिकेत कुठे बसतो? नीलकंठेश्वराचे देऊळ, काळा कोट, मूर्तींनी मढलेली पुतळा बारव, सजना बारव, मोती तलाव, चांदणी तलाव यांचीही तीच गत. यांतल्या निम्म्याहून अधिक जागा तर पाण्याच्या आहेत. ज्या जिल्ह्याने तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावाला देऊन पाणीसाठा वाढवण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशाला दाखवला, त्या जिल्ह्याला जाधवांच्या बारवांचा काठ उन्हाळ्यात एकदा साफ करणे झेपणार नाही, असे म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. या वास्तू संरक्षित आहेत. उत्साही मंडळींनी चुना फासावा, सिमेंटने डागडुजी करावी, तेलाचे दिवे भिंतीवर ठेवावेत, असे झाले तर उपेक्षा परवडली म्हणायची वेळ येईल. म्हणूनच सिएनाच्या धर्तीवर एकेक वास्तू गावातल्या एकेका मोहल्ल्याकडे सोपवली, तरी मोहल्ल्यांकडे द्यायचे ते दुरुस्तीचे काम नव्हे. ते पुरातत्त्व खात्याचेच. मोहल्ल्यांकडे राहावी देखरेख, आवाराची स्वच्छता, आलेल्याला माहिती सांगणे आणि वर्षातला एक ठरलेला दिवस. राज्य संरक्षित स्मारकांसाठी शासनाची ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहेच. एखाद्या कंपनीने पाटी लावून स्मारक दत्तक घेण्यासाठीच ती वापरायची, असे कुणी ठरवून दिलेले नाही.

सरकारला मात्र वेगळाच मार्ग सर्वांत आवडतो, तो म्हणजे ‘महोत्सव’. तीन दिवस मंडप, मुंबईचे कलावंत, पालकमंत्र्यांचे उद्घाटन आणि खाली खुर्च्यांवर पासधारक. शास्त्रीय संगीताला विरोध असण्याचे कारण नाही, पण अशा कार्यक्रमात गावकऱ्याला प्रेक्षक किंवा पार्किंगचा स्वयंसेवक यापलीकडे भूमिका नसते आणि अनुदान आटले की महोत्सवही आटतो. १२ जानेवारीच्या सोहळ्याला ही भीती नाही, तो लोकांच्या बळावर चालतो. मग त्याच बळाचा थोडा भाग इकडे वळवायला काय हरकत आहे? त्या दिवशी दुकानांच्या जागाभाड्यातून आणि देणग्यांतून जे जमते, त्यातला ठरावीक हिस्सा फक्त वास्तूंच्या आवारांसाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशोब पुढच्या १२ जानेवारीला राजवाड्याच्या दारात फलकावर लावावा. बाहेरून येणाऱ्या संघटनांनी व्यासपीठ सांभाळावे, आवारे गावाने सांभाळावीत. मुक्काम वाढला तर खानावळ, माहितगार, रिक्षा हे सगळे मागून येईल. ते आधी आणण्याचा अट्टहास नको.

सुरुवात मात्र कुठल्या आराखड्यासाठी अडून राहू नये. रंगपंचमीला लखुजीरावांच्या वाड्यात बाल शहाजी आणि जिजाऊ यांनी एकमेकांवर रंग उडवला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, आणि परंपरा तिची जागा म्हणून इथल्याच रंगमहालाकडे बोट दाखवते. कथेचा ऐतिहासिक पुरावा किती, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. किंबहुना तो वाद त्याच दिवशी, तिथेच, लोकांसमोर घातला तर उत्तम. नगरपालिकेचा एक ठराव, पुरातत्त्व खात्याची परवानगी, शाळांची मुले आणि आसपासच्या दोन-चार आळ्या एवढ्यावर रंगपंचमीचा दिवस उभा राहू शकतो. एक अट कागदावर आधीच लिहून ठेवावी लागेल. रंग खेळायचा तो बाहेरच्या मोकळ्या पटांगणात. रंगमहालाच्या भिंतीला गुलालाचे बोटही लागता कामा नये आणि त्यासाठी दारावर उभे राहायचे ते पोलिसांनी नव्हे, त्याच आळीतल्या पोरांनी.