आवळा देऊन कोहळा

शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्होराज पाठकांचे गाव. आज तेथेही किराणा घ्यावा, खत घ्यावे, आणि पैसे मोबाईलवरून चुकते करावेत, ही रीत रुळली आहे. व्यवहार पुरा होताच पडद्यावर बक्षिसाचे कार्ड उमटते; बोटाने खरवडले की नशिबी असल्यास पाच-दहा रुपये पदरी पडतात. २०१७ साली ‘तेज’ या नावाने आलेल्या व पुढे ‘गूगल पे’ झालेल्या ॲपने ही गंमत घरोघरी नेली.

आमचा यंत्राशी वाद नाही. सुट्या पैशांची कटकट गेली, बँकेच्या खेपा वाचल्या, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु व्यापारी धर्मादाय म्हणून काही वाटत नाही. कोठे कवडीमोल सूट, कोठे झटपट कर्ज. त्या बदल्यात निरनिराळी ॲपे माणसाचा ठावठिकाणा, त्याच्या खरेदीच्या सवयी, फोनमधील नावांची यादीदेखील मागून घेतात. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

‘ज्याने त्याने राजीखुशीने दिले, तुमचे काय बिघडले?’ असे विचारले जाईल. आमचे उत्तर असे की, जेथे किंमत सांगितलेली नाही तेथे सौदा नाही, आणि जेथे नकाराची सोय नाही तेथे संमती नाही. शिवाय ती यादी एकट्याची नसते. कांद्याचा भाव पडला म्हणून एखाद्याने ॲपवरून कर्ज काढावे, आणि हप्ता थकताच वसुलीचे फोन त्याच्या व्याह्यांना व शेजाऱ्यांना जावेत, असे प्रकार देशात इतके घडले की सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला कर्जाच्या ॲपांना ही यादी वाचण्यास मनाई करावी लागली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ च्या कायद्याने संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची, आणि दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेण्याची सोय केली. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने पाळण्यास कंपन्यांना आणखी १८ महिन्यांची सवड मिळाली. ही सवड पुन्हा वाढता कामा नये. मराठी सूचना पहिल्याच पडद्यावर, ठळक अक्षरांत असावी; आणि ग्रामसभांनी हे हक्क गावकऱ्यांस वाचून दाखवावेत.

कायदा आपले काम करील तेव्हा करील. शेजाऱ्याच्या बांधावरचा आंबा आपण परस्पर विकत नाही. मग त्याचे नाव व नंबर पाच रुपयांना देऊन टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न प्रत्येकाने कार्ड खरवडण्यापूर्वी स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.