माळवदावरची माती उतरवा

उन्हाळा सरत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घरांवर पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो. गळू नये म्हणून आजोबांनी टाकला, मग वडिलांनी. खालचा थर मात्र कुणी काढला नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, वजनाने साधारण साडेचार टन.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात असाच भार झोपलेल्या माणसांवर आला. किल्लारी लातूर जिल्ह्यातली, पण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातले सास्तूरही त्यात उद्ध्वस्त झाले. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती ढासळल्या, कारण त्या एकसंध नव्हत्याच. आत एक पदर, बाहेर एक, मध्ये चिखल-गोट्यांची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या पडल्या.

म्हणून माळवदाच्या घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आवाहन आहे की, पावसाळ्यापूर्वी माती आठ इंचांवर आणावी आणि थराखाली जाड प्लास्टिक अंथरावे. भिंतीत साधारण दर चौरस मीटरला एक आरपार भोक घ्यावे, दोन्ही टोके वाकवलेली सळई घालून ते काँक्रीटने भरावे. दगड हलक्या हाताने काढावेत. पहारीचे घाव घातले तर चांगली भिंतही सुटते. जिथे भिंतीला पोट आले आहे, तिथे आधी अभियंत्याला दाखवावे.

परवानगीच्या धास्तीने हे काम अडू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार, केवळ आतल्या भागापुरत्या किंवा घराचे बाह्यरूप फारसे न बदलणाऱ्या दुरुस्तीला बांधकाम परवानगी लागत नाही. मजला चढवणे, खोली वाढवणे ही वेगळी बाब. त्यासाठी रीतसर अर्ज करावाच. शंका असल्यास ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आधी विचारावे.

भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात याच भागातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघर गेल्या, गवंडीकाम समजून घेतले, शेजाऱ्यांना पटवले. त्यांच्यापैकी ज्या आज गावात आहेत, त्यांना 1 मेच्या ग्रामसभेत बोलते करावे. आणि उतरवलेली माती भिंतीच्या कडेला रचू नये. पाणी तिथेच मुरते.